मोठ्यांच्या परीकथा: भिशीसाठी काय वाचावं? (आणि एका काकूंचा आक्षेप)

कैरी

मंडळी, सल्ला हवा आहे.

घोडबंदर रोडला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बायकांची पुस्तक भिशी चालते. दर महिन्याला चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिने पुस्तक किंवा विषय ठरवायचा, बाकीच्यांनी वाचून यायचं, खाण्याचं तिनेच बघायचं. नुकतं लग्न होऊन आलेल्या मुलींपासून नातवंडांना स्कूलबसपर्यंत सोडणाऱ्या आज्यांपर्यंत सगळ्या असतात. या वेळी चिठ्ठी माझी निघाली आणि मी ग्रुपवर जाहीर केलं: मोठ्यांच्या परीकथा. सिंड्रेला, झोपलेली राजकन्या, सुंदरी आणि राक्षस, लाल टोपीवाली, याच गोष्टी, पण मोठ्या माणसांसाठी, प्रणयासकट नव्याने सांगितलेल्या.

आधी ग्रुपवर चिडीचूप. मग एका काकूंचा मेसेज: "लहान मुलांच्या गोष्टी तरी सोडा गं आता." त्यावर भराभर अंगठे. आणि त्याच अंगठेवाल्यांपैकी दोघींचा मला खासगीत निरोप, "नावं पाठव ना."

तर काकूंचं म्हणणं कितपत बरोबर? आणि नेमकं वाचायला काय सांगू? ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवर मी यातलं बरंच वाचलंय. काही आवडलं, काही अर्ध्यात टाकलं. शृंगाराचं मला वावडं नाही. पण नायिकेच्या 'नाही'चा नायकाने 'हो' असा अर्थ लावायचा आणि लेखिकेने त्याला प्रेम म्हणायचं, हे वाचलं की त्या नायकाला कोपर मारावंसं वाटतं. तसलं नको.

तिखटमीठ

चिठ्ठी वाया घालवली नाहीस, शाब्बास. मी बसलेय इथेच, नावं येऊ द्या.

पारसिक बोगदा

आधी "लहान मुलांच्या गोष्टी" याबद्दल, कारण अर्धं भांडण तिथेच मिटेल.

या गोष्टी मुलांच्या वाट्याला आल्या त्या फार उशिरा. नेपल्सच्या जाम्बातिस्ता बासिलेचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ ते १६३६ या काळात छापला गेला. त्यात झोपलेल्या राजकन्येचं नाव तालिया. एक राजा शिकारीला येतो, ती दिसते, हाका मारून उठत नाही, तेव्हा तो तशाच अवस्थेत तिचा भोग घेतो आणि निघून जातो. तिला झोपेतच जुळं होतं. त्यातलं एक मूल दुधासाठी चाचपडताना तिचं बोट चोखतं, बोटात रुतलेलं जवसाचं कुसळ निघतं आणि ती जागी होते. वर राजाचं लग्न आधीच झालेलं. राणीसाहेब ती मुलं शिजवून राजालाच वाढायला निघतात. ही म्हणे बालकथा.

पॅरिसमध्ये शार्ल पेरोने १६९७ साली हीच गोष्ट धुऊनपुसून घेतली. त्याच्याकडे चुंबन नाही. शंभर वर्षं भरतात, राजपुत्र गुडघे टेकतो, ती डोळे उघडून म्हणते की बरीच वाट पाहायला लावलीत. तिचा पोशाख आपल्या आजीच्या जमान्यातला आहे हे त्याच्या लक्षात येतं, पण शहाणा असल्याने तो बोलत नाही. लग्न लगेच. आणि त्या रात्री दोघं फारसे झोपले नाहीत, राजकन्येला तशी झोपेची गरजही नव्हती, असा शेरा पेरो मारून जातो. हा शेरा दरबारी मंडळींसाठी आहे हे उघड आहे. चुंबनाने जागं करणं आलं ते पुढे ग्रिम बंधूंकडून.

ग्रिमांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत रापुन्झेल चेटकिणीला भाबडेपणाने विचारते, माझे कपडे अलीकडे घट्ट का होतायत? राजपुत्र मनोऱ्यावर येऊन जात होता, त्याचा हा परिणाम. लोकांनी नाकं मुरडली, तेव्हा पुढच्या आवृत्तीत तो प्रश्नच बदलला. हिमगौरीला छळणारी बाईसुद्धा १८१२ मध्ये तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये ती सावत्र झाली. मात्र शेवटी त्या राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचवतात, ते १८५७ च्या सातव्या आवृत्तीतही तसंच आहे. म्हणजे भाजलेले पाय मुलांना चालतात, पोटुशी रापुन्झेल चालत नाही.

काकूंना एवढंच सांगा की मोठ्यांनी आपल्या गोष्टी मुलांना उसन्या दिल्या होत्या.

उपवनवासी

इतिहास वाचला, आवडला. पण जुन्यात होतं म्हणून आज चालतं, हे मला पटत नाही. बासिलेच्या राजाने केलं त्याला बलात्कार म्हणतात, आणि हुंडाही जुन्यात होताच.

शिवाय माझी तक्रार सोवळेपणाची नाही, कंटाळ्याची आहे. बायकोच्या किंडलवरची काही वाचली. राक्षस म्हणजे शिंगं लावलेला अब्जाधीश. नायिकेला पुस्तकं आवडतात, तेवढ्यावर तिचा स्वभाव संपतो. मध्ये ठरल्या अंतराने ठरलेले प्रसंग. नावं बदलली, शिंगं काढली तर ती कुठलीही ऑफिस-प्रेमकथा होईल. मग परीकथेचं ओझं कशाला?

अबोली (नेरुळ)

@उपवनवासी, परीकथेचा शेवट वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतो, हाच तिचा फायदा आहे. कीर्तनाला बसलेल्यांना सीता सापडणार हे माहीतच असतं, तरी कोणी उठून जात नाही. सुंदरी राक्षसाला हो म्हणणार हे पक्कं. मग लिहिणाऱ्याला एकच गोष्ट दाखवायची उरते: ती तिथवर कशी पोचली. जी लेखिका हे दाखवत नाही तिच्या हाती फक्त शिंगं राहतात, तिथे मी तुमच्याच बाजूची.

आता मूळ गोष्टच बघा. सुंदरी आणि राक्षस पहिल्यांदा सविस्तर लिहिली ती गाब्रिएल-सुझान द व्हिल्नव्ह या बाईंनी, १७४० मध्ये, मोठ्यांसाठी, ऐसपैस. त्यात राक्षस रोज रात्री जेवणानंतर थेट विचारतो, माझ्यासोबत झोपशील का? लग्नाचं नाव नाही. ती रोज नाही म्हणते. तो शुभरात्री म्हणून निघून जातो. रोज. मधल्या काळात तिच्या स्वप्नात एक देखणा तरुण येत असतो आणि तिचं मन गुंततं त्याच्यात. शेवटी ती राक्षसाला हो म्हणते ते स्वप्नातल्या त्या तरुणावर पाणी सोडून. दोघं शेजारी शेजारी पडतात आणि राक्षस जवळजवळ लगेच घोरायला लागतो. ती थक्क, आणि खरं सांगायचं तर तिला हायसंही वाटतं. सकाळी शेजारी तो स्वप्नातला तरुण.

पुढे १७५६ मध्ये ल प्रँस द बोमाँ या बाईंनी ती आटोपशीर केली. त्या लंडनमध्ये मुलींच्या शिक्षिका होत्या, विद्यार्थिनींसाठी लिहीत होत्या. तेव्हा प्रश्न झाला, माझ्याशी लग्न करशील का? आपण लहानपणी वाचली ती हीच. त्यामुळे आज कोणी त्या रात्रीचा प्रश्न परत आणत असेल तर ती वस्तू मूळ जागी ठेवतेय, एवढंच.

माझी कसोटी त्या गोष्टीतूनच आली आहे. दोन्ही रूपांत राक्षस तिला माहेरी जाऊ देतो आणि ती स्वतःच्या पायाने परत येते. शृंगार किती पानं आहे हे मी मोजत नाही. त्या पानांच्या आधी तिच्यासाठी दार उघडं होतं का, हे बघते.

खडूस आत्या

लगेच घोरायला लागला? मग आमच्याकडे शाप उतरून बरीच वर्षं झाली म्हणायची.

तिखटमीठ

आत्या. ऑफिसात आहे मी. चहा कीबोर्डवर.

अबोली (नेरुळ)

अजून एक. या गोष्टी फ्रान्समधल्या सलोनमध्ये, म्हणजे घरगुती साहित्यिक बैठकांत, रंगवून सांगणाऱ्यांत बायकाच पुष्कळ होत्या. 'परीकथा' हा शब्द फ्रेंचमध्ये रूढ केला तो मादाम दोल्नुआ यांनी, त्यांचाही संग्रह १६९७ चाच. त्यांचं स्वतःचं लग्न कोवळ्या वयात, त्यांच्याहून कितीतरी मोठ्या सरदाराशी लावून दिलेलं. अशा बायकांच्या गोष्टींत नवरा रानडुक्कर निघतो, साप निघतो, यात जादू थोडी आणि अनुभव जास्त असावा असं मला वाटतं. अनोळखी माणसाच्या घरी पाठवणी झालेल्या मुलीला पहिल्या रात्री काय वाटत असेल, ते सांगायची ती एक सोय होती.

घुबड_खारघर

कैरीताई, तुमच्या भिशीतल्या तरुण मुलींनी सेरा जे. मासची काटे आणि गुलाबांच्या दरबाराची मालिका आधीच वाचलेली असणार, पैज लावा. २०१५ मध्ये आली तेव्हा ती किशोरांच्या कपाटात होती, २०२० मध्ये नवीन कव्हरं घालून मोठ्यांच्या कपाटात गेली. जायलाच हवी होती.

@उपवनवासी, पहिला भाग तुम्ही म्हणता तसा आहे, थोडा शिंगवाला. पण (कथा फुटेल, नको असेल त्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारा) दुसऱ्या भागात लेखिका स्वतःच पहिल्या नायकाचा निकाल लावते. तिच्या भल्यासाठी म्हणून तो तिला घरात कोंडून ठेवतो आणि ती त्याला सोडते. अबोलीताईंची दाराची कसोटी तिथे अक्षरशः लागते. पहिल्या भागातला नायक लाखो मुलींना आवडला होता, त्याच मुलींनी पुढे त्याला शिव्या घातल्या. हे मला कुठल्याही स्त्रीवादी लेखापेक्षा भारी वाटलं.

उपवनवासी

बायकोने हा प्रतिसाद वाचून "बघ" एवढंच म्हटलं. तरीही पानं फार आहेत.

मासुंदा

भिशीत एकच काहीतरी ठेवायचं तर अँजेला कार्टर. १९७९ चा कथासंग्रह, नाव 'द ब्लडी चेंबर', म्हणजे रक्तरंजित दालन. छोट्या कथा आहेत, त्यामुळे "वेळच नाही मिळाला" ही सबब बंद. शृंगार आहे, पण पिसं आणि मखमल कमी, नखं आणि बर्फ जास्त. इंग्रजी जड आहे हे मात्र आधीच सांगून ठेव, एकेक वाक्य परत वाचावं लागतं.

सुंदरी आणि राक्षसावर तिने एकाच संग्रहात दोन कथा लिहिल्या आहेत, म्हणून भिशीला बरं. पहिलीत राक्षस माणूस होतो, सवयीप्रमाणे. दुसरीत बाप पत्त्यांच्या जुगारात मुलगी हरतो आणि राक्षस ती जिंकतो. महाभारत ऐकून वाढलेल्यांना या डावाची ओळख करून द्यायला नको. शेवटी वाघ तिला चाटतो आणि तिची कातडी सोलवटून आतून फर निघते. म्हणजे तो माणसात येत नाही, ती वाघीण होते. आमच्या ओळखीत यावरून दोन तट पडले होते. एक बाजू म्हणे हा विजय, दुसरी म्हणे नवऱ्यासाठी शेवटी बदलायचं बाईनेच ना? मी पहिल्या तटात. तिला बापाच्या घरी माणूस म्हणून काय मिळालं होतं? पत्त्यांच्या टेबलावरची जागा.

लाल टोपीवालीवरची कथाही घे. मुलगी लांडग्याच्या तोंडावर हसते आणि आजीच्या बिछान्यात त्याच्या पंजांमध्ये निवांत झोपी जाते. (यावर १९८४ मध्ये नील जॉर्डनने सिनेमाही केला आहे.)

अबोली (नेरुळ)

कार्टरला हजार वेळा अनुमोदन. आणि एक इशारा देऊन ठेवते, नाव बघून कोणी झटकन मागवेल म्हणून. झोपलेल्या राजकन्येवरची अ‍ॅन राइसची मालिका, १९८३ पासूनची, ए. एन. रोकलोर या टोपणनावाने लिहिलेली, ती भिशीची नाही. त्यात पहिल्यापासून गुलामी, शिक्षा, मारझोड आहे. ते हवं असणाऱ्या सज्ञान माणसांनी खुशाल वाचावं, पण आज्यांच्या हातात न सांगता देऊ नये. आणि ज्या पुनर्कथनात नायिकेचं वय मूळ गोष्टीइतकंच ठेवून शृंगार घातलाय ते सरळ बंद करावं. ग्रिमांची हिमगौरी सात वर्षांची आहे. आता लिहिणाऱ्या बहुतेक लेखिका नायिकेला नीट मोठी करून घेतात आणि तेच योग्य आहे.

जुना वाचक

तुमची चर्चा वाचून नौपाड्यातली आमच्या वेळची सर्क्युलेटिंग लायब्ररी आठवली. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांना तिथे तपकिरी कागदाचं कव्हर असायचं, त्यामुळे कोण काय वाचतंय ते लांबूनच कळायचं. काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला चालला. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकातली कथा. उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष सोडलं. समाजाची मापं झपाट्याने बदलतायत, हे त्या निकालात नोंदवलेलं आहे. पंचावन्नहून जास्त वर्षं झाली आणि आपण अजून अंगठे मोजतोय.

आणि प्रणय म्हणजे परदेशी माल असं कोणी म्हणत असेल तर हालाची गाथासप्तशती काढा. सातशे गाथा, माहाराष्ट्री प्राकृतात. शेतातल्या, नदीकाठच्या बायका त्यात असं काही बोलतात की तुमची ती पंखवाली पुस्तकं लाजतील. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून बघा, १८९३ पासूनची संस्था आहे, जुन्या पुस्तकांचं तिथे निघतं काहीतरी.

येऊरकर

लाल टोपीवाली निघाली म्हणून. पेरोच्या गोष्टीत तिला वाचवायला लाकूडतोड्या येतच नाही. लांडगा तिला बिछान्यात ये म्हणतो, ती कपडे काढून जाते, तो खातो, संपलं. खाली तरुण मुलींना पद्यात ताकीद: गोड बोलणारे, मवाळ लांडगे सगळ्यांत धोक्याचे. पण फ्रान्सच्या खेड्यांत सांगितली जाणारी गोष्ट वेगळी होती. १८८५ च्या सुमाराला टिपून घेतलेलं एक रूप पॉल दलारूने पुढे प्रसिद्ध केलं. त्यात मुलगी बिछान्यातून म्हणते, मला बाहेर जायचंय. इथेच कर, म्हणतो लांडगा. नाही म्हणजे नाही, ती हटून बसते. तो पायाला लोकरीचा धागा बांधून सोडतो, ती धागा अंगणातल्या झाडाला बांधते आणि पळते. मारायला ना शिकारी, ना लाकूडतोड्या.

आता सांगा, ही कोणाची बहीण? "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग तू मला खा" म्हणणाऱ्या आपल्या म्हातारीची. आपल्याकडे लाल टोपीवालीची गरजच पडली नाही, आजीनेच परस्पर सगळ्यांना गुंडाळलं आणि भोपळ्यातून टुणूक टुणूक निघून गेली.

खडूस आत्या

चल रे भोपळ्याचं प्रौढ प्रणयरम्य पुनर्कथन कोणी लिहिलंत तर मी या संस्थळावरून आयडी उडवेन.

तिखटमीठ

म्हातारी साठीची, लांडगा पासष्टीचा, सकाळी उपवनला चालायला येतो. लिहू?

खडूस आत्या

...लिही.

पारसिक बोगदा

आपल्याकडच्या गोष्टींवर आलोच आहोत तर सोदेवाबाई सांगतो. मुंबईच्या गव्हर्नरची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये दख्खनच्या गोष्टींचं पुस्तक काढलं. सगळ्या गोष्टी तिच्या आयाने, अ‍ॅना लिबेराटा डिसूझाने, सांगितलेल्या. सोदेवाबाईचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात. तिचा जोडा डोंगरावरून खाली पडतो, राजपुत्राला सापडतो, लग्न होतं. इथपर्यंत सिंड्रेला. मग सवत हार चोरवते आणि बाई मरून पडते. पण हार चोरणारी तो रात्री काढून ठेवायची, तेवढा वेळ ही जिवंत. तिला मूलही थडग्यातच होतं. सिंड्रेला आणि तालिया एकाच गोष्टीत. ही अजून कोणी मोठ्यांसाठी नीट लिहिलेली माझ्या वाचनात नाही, आणि लिहावी अशी आहे. फक्त रात्री जिवंत असणारी बायको! दिवसा तो नवरा काय करत असेल?

आणि पुरूरवा-उर्वशी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांचा संवाद आहे, शतपथ ब्राह्मणात पूर्ण कथा. उर्वशीची अट अशी की तू मला कधी उघडा दिसता कामा नये. गंधर्व तिची कोकरं पळवतात, हा तसाच धावतो, ते वीज चमकवतात, अट मोडते, ती जाते. रोमन अपुलेयसने दुसऱ्या शतकात सायकीची गोष्ट लिहिली, त्यात नवरा अंधारात येतो आणि त्याला बघायचं नाही ही अट. सुंदरी आणि राक्षसाचं मूळ माणसं तिथपर्यंत नेतात. तिकडे अट नवऱ्याची, आपल्याकडे अट बायकोची.

मासुंदा

यात नागमंडल धरा. कर्नाडांचं १९८८ चं नाटक, ए. के. रामानुजनांकडून ऐकलेल्या लोककथांवरचं. दिवसा नवरा राणी नावाच्या बायकोला कुलूप लावून जातो, रात्री त्याचंच रूप घेऊन नाग येतो. कर्नाटकात नाग प्रियकर झाला. आपल्या नागपंचमीच्या कहाणीत तो माहेरचा माणूस म्हणून येतो आणि सुनेला घेऊन जातो. आपल्या बायकांनी नागाकडूनही मागितलं काय, तर माहेर. मला हे वाचून नेहमी पोटात तुटतं.

सुगरण

बरेच दिवस नुसतं वाचत होते, आता राहवत नाही. श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी, तीन आवडत्या सुना आणि एक नावडती, ही आपली सिंड्रेलाच आहे. उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचं बेडं. ती रानात नागकन्या-देवकन्यांबरोबर वसा घेते आणि पुटपुटते, "सासू सासरा, दीर भावा, नणंदा जावा, भ्रतारा, नावडती आहे, ती आवडती कर रे देवा." पुढे देऊळ सोन्याचं होतं, सासरा पागोटं खुंटीला ठेवतो वगैरे. पण लक्षात आलंय का, नवरा अख्ख्या कहाणीत कुठेच नाही! सासरा येऊन बघून जातो. ज्याची ती बायको, तो गायब. मी तिथे घुसलेय. थोडा तुकडा टाकते, झोडपायची मुभा आहे.

*पहिल्या सोमवारी तिने तांदूळ वाहिले. रात्री बेड्याच्या दाराशी सावली पडली. गाय उठून उभी राहिली, पण बुजली नाही. सावली म्हणाली, "आत येऊ?" आवाज तिने मंगलाष्टकांत एकदा ऐकला होता. ती म्हणाली, "नको." सावली गेली.*

*दुसऱ्या सोमवारी तीळ. "आत येऊ?" "नको. पण बसा." तो उंबऱ्याबाहेर बसला. पावसाने त्याचा खांदा भिजत होता, तो सरकला नाही. तिने त्याचे हात पाहिले. तळव्यावर लगामाचे घट्टे होते. तिला वाटलं होतं, राजपुत्राचे हात मऊ असतील.*

*तिसऱ्या सोमवारी मूग वाहताना तिची जीभ अडखळली. सासू सासरा म्हणाली, दीर भावा म्हणाली, नणंदा जावा म्हणाली. मग थांबली, पिंडीकडे बघितलं, आणि शब्द फिरवून घेतले: भ्रतार नावडता आहे, तो आवडता कर रे देवा.*

*चौथ्या सोमवारी जव. ओल्या गवताचा वास होता आणि कंदिलाची वात तिने मुद्दाम मोठी ठेवली होती. त्याने विचारायच्या आधी ती म्हणाली, "कडी नाहीये दाराला. कधीच नव्हती. तुम्ही विचारत होतात म्हणून मी उत्तर देत होते." तो उठला. तिने पुढे होऊन त्याचा भिजलेला अंगरखा बंदाशी धरला, आणि पहिली गाठ स्वतः सोडली.*

कैरी

सुगरण!!! भ्रतार नावडता आहे, तो आवडता कर. लोकलमध्ये उभ्याने वाचलं, ऐरोली गेलं ते कळलंच नाही. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

घुबड_खारघर

पहिली गाठ स्वतः. मी मेले.

उपवनवासी

आवडलं. शिंगं नाहीत, अब्ज नाहीत. मंगलाष्टकांत ऐकलेला आवाज खास. पण दुसऱ्या सोमवारचा भिजणारा खांदा जरा सिनेमातला वाटला.

खडूस आत्या

छान लिहितेस, पण मला नवऱ्याचा राग आलाय. चार सोमवार बाबा येतोय, दाराशी बसतोय, गोड विचारतोय. सगळं कबूल. पण ती उष्टं खातेय, हे त्याला दिसत नाही? वाड्यात जाऊन तोंड उघडायला त्याचं काय जातं? तुम्ही सगळ्या इथे दाराची कसोटी लावताय आणि ही दार उघडं असून जाणार कुठे? माहेर नाही, पैसा नाही, गुरांच्या बेड्यातून हाकललं तर रान. जिला पोटाला उष्टं मिळतं तिच्या 'हो'ला मी मोकळा हो धरत नाही. आधी ताट, मग खाट.

अबोली (नेरुळ)

आत्या, हा मुद्दा व्हिल्नव्हबाईंनाही लागू होतो. राक्षसाच्या वाड्यात सुंदरीला सगळं मिळतं, पण ती आलीय बापाच्या जिवाच्या बदल्यात. म्हणून तर तिला मध्ये माहेरी पाठवल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. तिथे ती परतली नसती तर बापाला काही झालं नसतं, मेला असता तो राक्षसच. खरा हो तिथून सुरू होतो. सुगरणने नावडतीला तसं काहीतरी मिळवून द्यायला हवं, चौथ्या सोमवारच्या आधी.

सुगरण

ते आहे, तुकड्यात टाकलं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या सोमवारच्या मध्ये तो तिच्यासाठी ताट घेऊन येतो आणि ती ते परत पाठवते, मला इथे चोरून नको, पंगतीत वाढा म्हणून. मग वाड्यात जो तमाशा होतो तो लिहिताना अडकलेय, कारण सासू फार चांगली जमतेय आणि सगळा प्रसंग तीच खाऊन टाकतेय.

खडूस आत्या

मग ठीक. सासू कापू नकोस.

जुना वाचक

पाचव्या सोमवारी सातू असतात. श्रावणात पाच सोमवार आले तर काय करणार?

सुगरण

काका, पाचवा सोमवार पूर्ण त्या दोघांचा आहे, तो इथे टाकता येणार नाही. नियम बघा संस्थळाचे.

कैरी

ठरलं. भिशीसाठी: कार्टरच्या सुंदरी-राक्षसावरच्या दोन्ही कथा सगळ्यांनी वाचून यायच्या. ज्यांना इंग्रजी जड जाईल त्यांना मी गोष्ट तोंडी सांगेन, व्हिल्नव्हच्या घोरणाऱ्या राक्षसासकट. मासची मालिका ज्यांनी वाचलीय त्यांनी दुसऱ्या भागातल्या नायकाची वकिली करायची, विरोधात मी. आणि शिवामुठीची कहाणी मोठ्याने वाचायला मी त्याच काकूंना सांगितलंय. त्या दर श्रावणात वाचतात, खणखणीत आवाज आहे. सुगरणचा तुकडा त्यांना आधी दाखवला. तिसऱ्या सोमवारपर्यंत वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय? ठाण्याची आहे का?" अंगठा अजून काढलेला नाही. खायला भोपळ्याचे घारगे.

उपवनवासी

पुरुषांना प्रवेश आहे का? बायको येणारच आहे, तिला सोडायला मी येईन म्हणतो.

कैरी

सोडायला या. घारगे डब्यात मिळतील. वाघीण झालेल्या बाईवर मत द्यायचं असेल तर कथा वाचून या, नाहीतर क्लबहाऊसबाहेर बसा.

सुगरण

माझी सासू कोणी वाचून देईल का? मोठा भाग आहे. वाड्यातली पंगत. खासगीत पाठवते.

खडूस आत्या

इकडे पाठव.